कुंडीला वाफसा येऊ द्या

वारज्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, काचा लावून बंद केलेली बाल्कनी आणि तिथे बटण गुलाबाच्या सहा कुंड्या. जूनमध्ये सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीतून आणल्या तेव्हा फुलांनी लगडलेल्या होत्या. गणपतीच्या सुमारास मातीवर बारीक काळी चिलटं दिसायला लागली. आता ती दिव्याभोवती, चहाच्या कपावर आणि दीड वर्षाच्या लेकीच्या तोंडाशी घोंगावतात. गुलाबाची पानं पिवळी पडून गळताहेत. सासऱ्यांना घरात नाना म्हणतात. सासूबाई गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, ते पुरंदर तालुक्यातलं गाव सोडून मुलाकडे आले. आयुष्यभर अंजीर आणि सीताफळाची बाग केली, आता या सहा कुंड्या हेच त्यांचं रान. सकाळ-संध्याकाळ पाणी घालतात, चहाचा चोथा टाकतात, तांदळाचं धुवण ओततात. फरशी खराब होऊ नये म्हणून कुंड्यांखाली ताटल्या आहेत, त्या कायम भरलेल्या. नवरा म्हणतो, कुंड्या कुणाला तरी देऊन टाक. शेजाऱ्यांनी दाणेदार औषध सुचवलंय. ताई लिहितात, "पाणी कमी घाला म्हटलं तर नाना म्हणतात, मी पन्नास वर्षं झाडं जगवली आहेत. त्यांना दुखवायचं नाही, पण लेकीच्या अंगावर बसणारी ही चिलटंही नकोत. औषध मारू, की कुंड्या काढून टाकू?"

ताई, औषध मारायचं की कुंड्या काढायच्या, असे दोनच रस्ते तुम्ही मांडलेत. मला तिसरा दिसतो आणि तो नानांच्या हातूनच जातो. पण आधी या चिलटांची नीट ओळख करून घेऊ. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल बरंच काही गृहीत धरलेलं आहे आणि त्यातलं सगळंच खरं नाही.

कुंडीतल्या मातीवरून उठणारं हे चिलट म्हणजे फंगस नॅट. जेमतेम तीन मिलिमीटरचं, काळपट, डासासारखे लांब पाय, पण उडण्यात अगदी दुबळं. कुंडीला हलका धक्का दिला की वीतभर उडतं आणि पुन्हा मातीवरच येऊन बसतं. ते चावत नाही आणि माणसाला कुठला आजारही देत नाही. लेकीच्या तोंडाशी आलं की किळस वाटते हे मी समजू शकते, पण घाबरण्याचं कारण नाही.

चहाच्या कपावर बसणारी चिलटं मात्र हीच आहेत का, याबद्दल मला शंका आहे. फळांवरची चिलटं वेगळी असतात: तपकिरी, गुबगुबीत, लालसर डोळ्यांची. रात्री ओट्यावर एका वाटीत थोडं व्हिनेगर आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब ठेवून बघा. सकाळी त्यात मेलेली चिलटं सापडली तर घरात दोन पाहुणे आहेत असं समजा. त्यातल्या एकाचा मुक्काम ओल्या कचऱ्याच्या डब्यात किंवा केळ्यांच्या फण्याखाली आहे, आणि त्याचं खापर नानांच्या गुलाबांवर फुटतंय.

लेकीची काळजी असेल तर आज, हे वाचून झाल्यावर, एक काम करा. कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा आणि ब्रशने घासून कोरड्या करा. डेंग्यूचा एडिस डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत तिथून डास उडतो. त्याची अंडी ताटलीच्या कडेला चिकटून असतात, पाणी ओतून दिलं तरी कोरडी होऊन महिनोन् महिने टिकतात, म्हणून घासणं महत्त्वाचं. पावसाळ्यात महापालिकेचे लोक घरात येऊन कुंड्यांखाली वाकून बघतात ते याचसाठी. तुमच्या बाल्कनीतला खरा धोका चिलटांचा नाही, या ताटल्यांचा आहे.

आता दुसरं गृहीत: चिलटांमुळे गुलाब मरताहेत. मादी ओलसर मातीच्या वरच्या थरात शंभराच्या वर अंडी घालते. चार-पाच दिवसांत त्यातून अळ्या निघतात, दोनेक आठवडे मातीत राहतात, मग कोष आणि पुन्हा चिलट. हा सगळा फेरा तीन-चार आठवड्यांचा असतो, उबेत त्याहून लवकर होतो. अळ्यांचं मुख्य अन्न म्हणजे मातीतली बुरशी, शेवाळ आणि कुजणारा पाला. खूप झाल्या तर त्या केसासारखी बारीक मुळंही कुरतडतात आणि कोवळ्या रोपाला ते जड जातं. पण चांगलं मूळ धरलेला गुलाब निव्वळ चिलटांनी सहसा मरत नाही. तो मरतो मुळांना हवा न मिळाल्याने. तुमच्याकडची चिलटं आणि पिवळी पानं ही दोन्ही एकाच ओलीची पोरं आहेत.

बटण गुलाबाच्या बाबतीत हे लवकर घडतं, त्याला कारणं आहेत. नर्सरीत एकेका छोट्या कुंडीत तीन-चार काड्या एकत्र लावलेल्या असतात, म्हणजे झुडूप लगेच भरगच्च दिसतं. ते बहुतेक वेळा शुद्ध कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवलेलं असतं आणि कोकोपीट स्पंजसारखं पाणी धरून ठेवतं. नर्सरीत वर शेडनेट, खाली निचरा आणि चहूबाजूंनी वारा असतो, म्हणून ते तिथे निभतं. तुमच्याकडे प्लॅस्टिकची कुंडी, खाली भरलेली ताटली, बंद काचा आणि पुण्याची ऑगस्ट-सप्टेंबरची दमट हवा. त्यात चहाचा चोथा. तोही बहुधा दूध-साखरेचा, न धुतलेला. त्यावर दोन दिवसांत पांढरी बुरशी येते. अळ्यांना याहून चांगलं जेवण कोण देणार?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका पावसाळ्यात माझ्या गॅलरीतले चार बटण गुलाब असेच गेले. मी घरी केलेलं खत घातलं होतं, ते पुरतं कुजलेलंही नव्हतं. भाजीची देठं ओळखू येत होती. चिलटं झाली म्हणून दर दोन दिवसांनी काही ना काही फवारत राहिले, आणि फवारण्याच्या निमित्ताने माती आणखी भिजत राहिली. शेवटी एक कुंडी उपडी करून गोळा बाहेर काढला. वरची दोन बोटं माती ठीक होती. खाली सगळं काळं, गटारासारखा वास. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि हातात नुसता दोरा राहिला. मी महिनाभर हवेत उडणाऱ्या चिलटांशी भांडत होते आणि माझी मुळं खाली पाण्यात बुडत होती.

आता नानांकडे येते. पत्र वाचून मला सगळ्यात जास्त त्यांच्याबद्दलच लिहावंसं वाटलं.

"पाणी कमी घाला" हे वाक्य त्यांच्याशी बोलताना वापरू नका. तुम्ही ते पाण्याबद्दल म्हणता, त्यांना ते स्वतःबद्दल ऐकू येतं. पुरंदरसारख्या कमी पावसाच्या भागात ज्याने टँकरच्या पाण्यावर बाग जगवली असेल, त्याच्यासाठी झाडाला पाणी पाजणं हेच जीव लावणं. घरात त्यांच्या हाताखाली आता सहा कुंड्या सोडून काही उरलेलं नाही. दिवसातून दोनदा पाणी घातलं जातं ते झाडाला दोनदा तहान लागते म्हणून नव्हे. सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन वेळा काढायच्या असतात, म्हणून.

पण नानांना जे शिकवायचं असं तुम्हाला वाटतंय ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं. वाफसा म्हणजे काय ते विचारा त्यांना. पाऊस पडून गेल्यावर जमिनीत ओल असते पण चिखल नसतो, मूठभर माती दाबली तर गोळा होतो पण हात बरबटत नाही, मुळांना पाणीही मिळतं आणि हवाही, ती वेळ. वाफसा नसताना रानात पाय घालू नये हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आणि अंजीर केलेला माणूस ताण द्यायलाही जाणतो. बहार धरण्याआधी पाणी तोडायचं, झाडाला विसावा द्यायचा, हे त्यांनी कित्येक वर्षं केलं असेल. तेच नाना कुंडीला रोज दोनदा पाणी घालतात, कारण ती त्यांना शेत वाटत नाही, तान्हं मूल वाटते. रानात जादाचं पाणी मुरमातून खाली उतरून जातं. कुंडीत ते तळाशी अडून बसतं. त्यांचं ज्ञान जिथलं तिथे आहे, माती तेवढी बदलली आहे.

म्हणून त्यांना सल्ला देऊ नका, सल्ला विचारा. "नाना, या कुंडीला वाफसा कधी येतो हो? मला कळत नाही, तुम्ही बघाल का?" एवढं म्हणा. आणि मग बटाट्याची चकती ठेवा.

ती अशी: कच्च्या बटाट्याची बोटभर जाडीची चकती कापायची, मातीवर सपाट दाबून ठेवायची आणि दोन-तीन दिवस हलवायची नाही. अळ्या त्या ओलसर पिठूळ भागाकडे गोळा होतात. चकती उचलण्याचं काम नानांचं. त्यांचा चष्मा, खिडकीचा उजेड आणि जमलं तर एक भिंग द्या. चकतीच्या खालच्या अंगाला पारदर्शक, पांढुरके, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचे धागे वळवळताना दिसतील, आणि प्रत्येकाच्या टोकाला खसखशीच्या दाण्याहून बारीक, चकचकीत काळं डोकं. तुम्ही महिनाभर सांगून जे पटलं नाही ते तिथे दिसेल. एकही अळी दिसली नाही तर तेही चांगलंच, मग पिवळ्या पानांचं कारण पाण्यात आणि उजेडात शोधायचं. पानांच्या मागे बारीक जाळं किंवा तांबूस ठिपके हलताना दिसले तर तो लाल कोळी, ही वेगळीच कीड, तिचा उपाय निराळा.

अळ्या आहेत असं धरून पुढचं सांगते.

मातीवरचा चोथ्याचा आणि शेवाळाचा थर, साधारण दोन-तीन सेंटिमीटर, चमच्याने अलगद खरवडून काढा. अंडी आणि बऱ्याचशा अळ्या त्यातच असतात. तो दुसऱ्या कुंडीत टाकू नका, पिशवीत बांधून ओल्या कचऱ्यात द्या. त्या जागी जाड वाळूचा बोटभर थर पसरा. नदीची वाळू आता सहज मिळत नाही, क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, मिळते, पण तिच्यातली भुकटी चाळून आणि धुऊन काढा, नाहीतर वर सिमेंटसारखा पापुद्रा धरतो. वाळूचा थर लवकर सुकतो आणि मादीला अंडी घालायला नकोसा होतो. नुसत्या वाळूने प्रश्न सुटत नाही, पण मदत होते.

पाण्याचा नियम वेळेवर नाही, बोटावर. वाळू बाजूला करून मातीत बोटाचं एक पेर घालायचं. थंड आणि ओलं लागलं तर पाणी नाही. कोरडं लागलं तर सकाळी, तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर पाणी द्यायचं, पंधरा मिनिटांनी ताटली ओतून टाकायची आणि मग पुन्हा पेर कोरडं होईपर्यंत हात लावायचा नाही. कुंडी उचलून वजनाचा अंदाजही घेता येतो, नानांना ते चार दिवसांत जमेल. एक सावधगिरी: चिलटं मरावीत म्हणून कुंडी ठणठणीत सुकवण्याचे सल्ले तुम्हाला मिळतील. निवडुंगाला ते चालेल. छोट्या कुंडीतला बटण गुलाब पूर्ण सुकला तर ऑक्टोबरच्या उन्हात एका दुपारीत माना टाकतो. वरचं सुकं आणि आतलं ओलं, एवढंच हवं.

पिवळे चिकट सापळे कृषी सेवा केंद्रात स्वस्त मिळतात, नानांनी ते रानात पाहिलेलेही असतील. पिवळ्या पुठ्ठ्याला प्लॅस्टिक गुंडाळून वर एरंडेल चोपडलं तरी काम होतं. ते वर टांगू नका, ही चिलटं बहुतेक वेळ मातीजवळच असतात. मातीलगत आडवे ठेवा, लेकीचा हात पोहोचणार नाही असे. सापळ्यात फक्त उडणारी चिलटं सापडतात, मातीतल्या अळ्यांना धक्काही लागत नाही. तरी मी ते ठेवायला सांगते, कारण मोजता येतं. नानांनी दर रविवारी सापळ्यावरची चिलटं मोजावीत आणि कालनिर्णयच्या चौकटीत आकडा लिहावा, जिथे दुधाचा हिशोब लिहितात तिथेच. पहिले दहा-बारा दिवस आकडा फारसा हलणार नाही. आधीच्या अळ्या अजून चिलटं होऊन बाहेर पडत असतात. तेव्हा धीर सोडून काही भलतं ओतलं जाऊ नये, म्हणून हा आकडा. उतार दिसायला तीन-चार आठवडे द्या.

औषधाबद्दल तुम्ही थेट विचारलंत, म्हणून स्पष्ट सांगते. शेजाऱ्यांचं दाणेदार औषध घरात आणू नका. अशी औषधं बहुधा सुट्या पुडीत येतात, आत काय आहे ते लिहिलेलं नसतं. पूर्वी थिमेट म्हणून सर्रास मिळणारं फोरेट इतकं विषारी आहे की 31 डिसेंबर 2020 पासून देशात त्यावर बंदी आहे. जुन्या पुड्या आजही लोकांच्या माळ्यावर सापडतात. जे मूल माती तोंडात घालायच्या वयाचं आहे, त्याच्या हाताशी असलेल्या कुंडीत त्याचा एक दाणाही नको.

औषधच हवं असेल तर बीटीआय वापरा. पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस. 1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात हा जिवाणू सापडला आणि पुढे डासांच्या अळ्यांसाठी जगभर वापरला जाऊ लागला. फंगस नॅटच्या अळ्यांवरही तो चालतो. अळीने तो खाल्ला की तिचं आतडं निकामी होतं, माणसाला आणि मांजर-कुत्र्याला त्याचा अपाय होत नाही. दुकानात नुसतं "बीटी द्या" म्हणाल तर भाजीवरच्या पानं खाणाऱ्या अळीचं कुर्स्टाकी नावाचं दुसरं बीटी हातात पडेल, त्याचा इथे उपयोग नाही. डब्यावर इस्रायलेन्सिस लिहिलेलं बघूनच घ्या. लेबलवरच्या प्रमाणात पाण्यात मिसळायचं आणि कुंडीची पाण्याची पाळी येईल तेव्हा साध्या पाण्याऐवजी तेच घालायचं. आठवड्यातून एकदा, चार आठवडे. अंड्यांवर आणि कोषावर ते चालत नाही, म्हणून मध्येच थांबायचं नाही.

निंबोळी अर्कही मातीत देता येतो, तो अळ्यांची वाढ रोखतो. निंबोळी पेंड मात्र ओल्या कुंडीत आत्ता घालू नका. ती स्वतःच कुजते आणि बुरशीला खाद्य होते. हळद, दालचिनी यांनी अपाय नाही, पण त्या वरच्या वर राहतात, अळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. रील्समध्ये दिसणारं हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यात पातळ करून ओतलं तर जिथे लागेल तिथल्या अळ्या मरतात, हे खरं आहे. पण सोबत मातीतले चांगले जीवही मरतात आणि कुंडी पुन्हा एकदा भिजते. मी ते वापरत नाही.

चोथ्याचं काय? नानांना तो टाकून देववणार नाही, आणि का द्यावा? धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून डब्यात साठवू द्या. नंतर खतात जाईल. धुवण सोसायटीतल्या कढीपत्त्याला, पारिजातकाला घाला. संध्याकाळची पाण्याची हौस तिथे भागेल आणि खाली चार माणसंही भेटतील. काही जण सुचवतील की नानांना पाण्याची आवड आहे ना, मग अळूची कुंडी आणून द्या. बंद बाल्कनीत तेही नको, चिलटं गुलाबातून अळूत जातील एवढंच.

काचा मात्र दिवसभर उघड्या ठेवा. गुलाबाला पाच-सहा तास थेट ऊन लागतं, आणि वारा लागला की मातीही सुकते. तुमची बाल्कनी उत्तरेकडे असेल आणि ऊन येतच नसेल, तर वरचं सगळं करूनही फुलं येणार नाहीत. मग गच्चीवर परवानगी काढा.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणंही मी वाऱ्यावर सोडत नाही. एखादी कुंडी खरोखर गेलेली असू शकते. हलकेच उपडी करून मुळं बघा. पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि टणक असतील तर झाड जगेल. काळी, मऊ, वास मारणारी असतील तर तेवढी कुंडी काढून टाका, आणि हा निर्णय नानांना समोर बसवून, त्यांच्या हातात मूळ देऊन घ्या. ते दुपारी झोपलेले असताना कुंडी गायब करू नका. आणि चिलटांनी भरलेल्या कुंड्या आत्ता कुणाला देऊही नका, तुमचा त्रास दुसऱ्याच्या घरी जाईल.

ज्या कुंड्या राहतील त्यांच्यावर कोवळी लालसर पालवी फुटली की मगच पुढचं काम. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, आपल्याकडे गुलाबाची छाटणी करतात. तुमच्या गुलाबांची थोडी उशिरा झाली तरी चालेल. त्याच वेळी त्यांना तळाला मोठी भोकं असलेल्या मातीच्या कुंडीत हलवा. पोयटा माती, पूर्ण कुजलेलं शेणखत, थोडंसंच कोकोपीट आणि विटांचे बारीक तुकडे, भोकावर खापरीचा तुकडा. कात्री नानांच्या हातात द्या. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा, म्हणजे जिथून नवी फूट येते तो कोंब, बघून त्याच्या जरा वर कुठे कापायचं, हे अंजिराच्या बागेत हात बसलेल्या माणसाला सांगावं लागणार नाही. कापलेल्या काड्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या लांब, दोन-तीन डोळ्यांच्या काड्या वाळूमिश्रित मातीत खोचून ठेवा, बटण गुलाब काडीवर सहज लागतो. गेलेल्या कुंडीची जागा त्यातूनच भरेल.